खुणेवरचे डाग

नाई, पाणी नको. बसायलेही नाई आली मी — गडवा ठेवा खाली, आबाजी, न् मघापासून मी जे विचारून राह्यली त्याचं उत्तर द्या. चार डाग दिले ना तुम्ही? कमरेवर, मणक्याच्या इकडून दोन न् तिकडून दोन? हो की नाई, इतकंच. — कोणाले म्हणजे? माह्या आईले. कुसुमबाई. नाल्याकाठी ज्यायचं वांग्याचं न् सांभार-कोथिंबिरीचं वावर आहे, त्या चंद्रभानजीच्या घरची. गेल्या सोमवारी शेजारच्या कौशल्याबाईले संग घेऊन आलती, एक हात स्वतःच्या कमरेवर न् एक कौशल्याबाईच्या खांद्यावर — आठवलं? आठवणारच. मी तिची पोरगी, अंकिता. वर्ध्याले शिकते, नालवाडीत रूम करून राहते, घरी पंधरा दिवसांतून एकदा येते, म्हणून तुम्ही मले पाह्यलं नसन. आताही पाहायची गरज नाई. मी काही दुखणं दाखवायले नाई आली. भांडायले आली.

काल आमची तारीख होती. दवाखान्याची, वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्याची. तुमच्याकडं तारीख-बिरीख नसते, सोमवारी न् शनिवारी कोणीही येते न् पालथं पडते — तिथं तसं नाई. तिथं आधी कागदावर लिहून देतेत, शुगर पाह्यतेत, सकाळपासून उपाशी ठेवतेत. आई सातच्या बसनं आली. मी स्टँडवर उभी होती. म्हटलं कशी आहेस, तं म्हणे, बरी आहो. बरी आहो म्हणे. मंग तिथं तिले हिरवा झगा दिला, मागून उघडा असते तो, नाड्या बांधाव्या लागतेत, मी बांधायले गेली तं म्हणे राहू दे, मीच बांधतो. मले वाटलं लाजून राह्यली. मंग सिस्टरनं पालथं केलं, झगा बाजूले सारला. बाहेर आली न् मले म्हणे, इकडं ये जरा. चार, आबाजी. एक-एक बोराएवढा. कडेनं लाल, मधात पिवळं, न् एकातून पाणी येऊन राह्यलं होतं, त्याले झग्याचं कापड चिपकलं होतं. न् मी — मी ओरडली तिथं. आख्खा वॉर्ड उठून बसला माह्या ओरडण्यानं. आई पालथ्या पालथ्या म्हणे, काऊन वरडतं व, मले नाई दुखत न् तुले दुखून राह्यलं काय?

येतेच पाणी, असं म्हणता? तिसऱ्या दिवशी पाणी येते, पाचव्या दिवशी खपली धरते, न् त्या पाण्यासंग दुखणं बाहेर निघते. ऐकलं मी ते. तुमचेच शब्द आईनं मले काल पाठ म्हणून दाखवले, त्या हिरव्या झग्यात. बाहेर काय निघून राह्यलं माहीत आहे काय? पू. पू निघून राह्यला. तुम्ही खांदा आलेल्या बैलाले डाग देता ना, तीच सळई काय? तीच ना, ती आड्याले खोसलेली? आल्या आल्या पाह्यली मी. बैलाले तीच न् बाईले तीच. — शुद्ध होते? गोवऱ्यांच्या इस्त्यात लाल केली की आपोआपच शुद्ध होते म्हणता. बरोबर, त्यातलं तुम्हाले माह्यापेक्षा जास्त — अगं माय. काय होतं ते? वांदर? वांदर होय. टिनावर असं एकदम आदळलं की — थांबजा जरा. लहानपणापासून असंच आहे माहं, कोणी मागून हाक मारली तरी हातातलं सुटते. हॉस्टेलवर होती तेव्हा पोरी मुद्दाम दार आपटायच्या. हसू नका. मी तुम्हाले नाई भेली, वांदराले भेली. दोन्ही सारखं नाई.

तं काय सांगून राह्यली होती मी — खुणा. तिच्या कमरेवर चार निळ्या फुल्या होत्या, मार्करच्या, बारीक. त्या कायच्या आहेत हे विचारलं तुम्ही? — बोट दाबून पाह्यलं म्हणता. बोट दाबून पाह्यलं न् बरोबर दुखऱ्या जागीच निघाल्या, म्हणून त्यावरच दिले, एक सूतही इकडं-तिकडं नाई जाऊ दिला. आबाजी, हे तुम्ही मले कौतुकानं सांगून राह्यले काय? तेच तं झालं ना. सूतभर नाई, चांगले चार बोटं इकडं-तिकडं गेले असते तं बरं झालं असतं. त्या सुईच्या जागा होत्या. तिथून काल लांब सुई आत न्यायची होती, मणक्याच्या जोडापर्यंत, एक्स-रेच्या मशीनवर पाहून पाहून. डॉक्टर मॅडमनं ते पाह्यलं — साउथची आहे ती, मराठी येत नाई, हिंदीत बोलते — तं रागावलीही नाई. नुसता चष्मा काढला न् उभी राह्यली. ये किसने किया, म्हणे. जहाँ से मुझे जाना है, ठीक उसी जगह पे. पिकलेल्या कातडीतून सुई नेली तं ती घाण थेट मणक्यापर्यंत जाते, म्हणून काल काहीच नाई केलं. झगा काढा, घरी जा. जखम पूर्ण भरली, नवीन कातडी आली, मंगच पाहू म्हणे, महिना लागो का दीड महिना. न् तोवर आणखी एकही डाग नको — हे तिनं दोनदा सांगतलं, बोट वर करून. एकही डाग नको.

काय? परत बोला, मले नीट ऐकू नाई आलं. — दवाखान्यानं पाठवलं? तुम्हाले वाटलं दवाखान्यानंच खुणा करून माह्या आईले तुमच्याकडं पाठवलं? असं कधी होते काय बाप्पा? तिथं सर्दीसाठी सुद्धा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवतेत तं चिठ्ठी देतेत. — बरं, बरं. तुम्हीही विचारलं. दोनदा विचारलं. बाई, तू दवाखान्यात जाते न् माह्याकडं काऊन आली, ते डॉक्टर लोकं तं मले शिव्या देतेत, मांगं कॅम्पवाल्या डॉक्टरनं चारचौघांत पोलिसात देतो म्हटलं होतं. असं विचारलं तुम्ही. मंग? मंग ती काय बोलली? — पोरीनं सांगतलं म्हणे. पोरगी शिकलेली आहे, तिनं मॅडमपाशी उभं राहून सगळं समजून घेतलं, न् डॉक्टरही डागच देते, जागा सुद्धा दाखवून देली. हेच शब्द? कौशल्याबाईसमोर?

हं.

आता समजलं मले. बसमधून उतरली तं पानठेल्यावर तो रूपराव मले म्हणे, काय म्हणते मग तुमचा दवाखाना, आमच्या लहानूबुवाले मानलं ना शेवटी? मले वाटलं नुसती थट्टा करून राह्यला, त्याचं तोंड नेहमी असंच असते. म्हणजे तुम्ही गावभर सांगतलं. चार दिवस ऐटीत फिरले तुम्ही, आबाजी — मोठ्या दवाखान्याचा पेशंट, खुणा करून आलेला. काऊन नाई फिरणार. जन्मभर ज्यायनं हाकललं त्यायनंच एक दिवस — जाऊ द्या. मले तुमची कीव करायची नाई. मी रागात आहो.

बरं, ऐका. तो शब्द मी बोलली. डाग, हे मीच बोलली. पण कसं बोलली ते ऐका, न् मंग तोंड तसं करा. त्या खोलीवर पाटी आहे, पेन क्लिनिक. आई म्हणे वाचून दाखव. मी वाचलं. तं म्हणे, पेन दुरुस्त करतेत काय व इथं? बाजूच्या बाया हसल्या. मंग आत मॅडमनं उपायाचं नाव सांगतलं, रेडिओफ्रिक्वेन्सी काहीतरी — तं म्हणे, रेडिओ? पाठीले गाणे ऐकवतेत? परत सगळे हसले. तिचं तसंच आहे. मी भेली की रडते, ती भेली की लोकायले हसवते. चार वर्षं दुखून राह्यलं, गोळ्या झाल्या, पट्टा झाला, मालिश झाली, ऑपरेशन सांगतलं तं तिनं हात जोडले, म्हणून हे, बिनाऑपरेशनचं. न् मॅडम बोलून राह्यली हिंदीत, मधात इंग्लिश, मी मराठी करून राह्यली, मांगून नंबरवाले ढकलून राह्यले. म्हटलं, आई, मणक्याच्या जोडांपाशी बारीक नसा असतेत, दुखण्याची खबर त्या डोक्यापर्यंत नेतेत. सुईच्या टोकातून त्या नसेले ऊब देतेत, ऐंशी डिग्री, दीड मिनिट, मंग तिचं खबर नेणं बंद. तं म्हणे, कोणती खबर? म्हणे, नस जळली तं पाय लुळा नाई पडन काय? म्हटलं नाई, पायाची नस वेगळी, ही वेगळी. म्हणे, मंग ऊब कायची, चुलीची? तीनदा सांगतलं. चौथ्यांदा माह्यानं नाई झालं. म्हटलं, अवं डाग आहे डाग, आतून डाग देतेत, बधिर करून, झालं समाधान? — न् तिचा चेहरा असा सैल झाला, आबाजी. म्हणे, मंग असं बोल ना, पोट्टे. डागाले काय भ्याचं. माह्या आईनं बारा मुलकाचे डाग पाह्यले.

समजला तिले तो शब्द. मी पाच वर्षं कॉलेजात शिकून राह्यली, त्यातला एकही शब्द तिच्या कामी नाई पडला, न् तो पडला. मले इतकं बरं वाटलं. मले वाटलं, जमलं.

तेच तं आहे म्हणता? आतून दिला काय न् बाहेरून दिला काय? नाई. तेच नाई. तुम्ही कातडी जाळता. दुखणं खाली जसंच्या तसं राहते, वर तुम्ही नवीन आग लावता, न् ती आग एवढी मोठी असते की जुनं दुखणं चार दिवस ऐकूच नाई येत. मंग माणूस म्हणते, आराम पडला. हे मॅडमनं नाई सांगतलं, हे मी सांगून राह्यली. तिची सुई कातडीले काहीच करत नाई. आत जाते, तांदळाच्या दाण्याएवढी जागा शेकते, तेही मशीननं आधी तपासून, की पायाची नस तं नाई ना जवळ. न् तेही जन्मभरासाठी नाई. सहा महिने, वर्ष, कोणाले दीड वर्ष, मंग नस परत वाढते, परत करावं लागते. कोणाले फरक पडतही नाई. हे सगळं ती खरं-खरं सांगते, तुमच्यासारखं तीन खेपांत दुखणं मुळासकट असं नाई सांगत. म्हणूनच कोणाले पटत नाई ती.

न् त्या फुल्या चार दिवस राह्यल्याच कशा, हे — हे तुम्ही बरोबर विचारलं. आंघोळीनं जायले पाहिजे होत्या. हो. गेल्या असत्या. पहिल्याच दिवशी गेल्या असत्या, साबणाच्या एका हातानं. मीच सांगतलं पुसू नको. म्हटलं, आई, कमरेले साबण लावजो नको, पुढच्या गुरुवारी तिथंच देणार आहेत. काल मॅडमले विचारलं तं म्हणे, वो तो घर जाके धो देना था, हम तो हर बार मशीन में देख के नया निशान लगाते हैं. चार दिवस पाठ कोरडी ठेवली तिनं. वावरातून यायची, घामानं अंग खाजायचं, तरी पाठीवर पाणी नाई घेतलं. बाबाले म्हणायची, डॉक्टरीणबाईची निशाणी आहे, सांभाळून. सांभाळली न् तुमच्यापाशी आणून देली. असं नका पाहू माह्याकडं. मले काय माहीत होतं? मले वाटलं तसंच असन. मी पूर्ण ऐकलंच कुठं होतं — नाई, म्हणजे ऐकलं होतं. सुरुवातीचं ऐकलं होतं.

कोणाले सांगसान नका हे. पहिल्या दिवशी, मांगच्या गुरुवारी, तिले आत नेलं न् मले काचेबाहेर उभं केलं. तिथं एक टीव्ही होता, त्यात आत काय चाललं ते दिसते. मी म्हटलं आपण पाहायले पाहिजे, आपण शिकलेले आहो. पाह्यलं तं राखेसारखे हाडं, न् त्यात एक काळी सुई, सरकून राह्यली, सरकून राह्यली. ती माह्या आईची पाठ होती. माह्या कानात असं सूं झालं, न् मी निघून गेली. पळूनच गेली म्हणा. पाण्याच्या टाकीपाशी पायरीवर बसली, डोकं गुडघ्यात घालून. किती वेळ, माहीत नाई. वापस आली तोवर मॅडमचं सगळं सांगून झालतं, आईले बाहेर आणलतं, दुसरा पेशंट पालथा पडलता. तिनं जाता-जाता विचारलं, समझ गए ना सब? मी म्हटलं, हाँ मैडम. म्हणजे मले लाज वाटली ना, मोठ्या वॉर्डात सगळ्यांसमोर काय सांगू की मी भिऊन बाहेर बसली होती, परत सांगा? सिस्टरनं एक कागद देला, तो मी पर्समध्ये टाकला. वाचलाही नाई. न् आई मले म्हणे, पोरी, तुले काही झालं काय, तुझं तोंड पांढरं काऊन पडलं?

न् ती नुसती टेस्ट होती, आबाजी. त्या दिवशी नस शेकलीच नव्हती. नुसतं बधिर करायचं औषध सोडलं होतं, सहा-सात तासांचं. त्यानं दुखणं गेलं तं समजायचं की जागा बरोबर सापडली, मंग पुढच्या गुरुवारी खरं काम. इतकी साधी गोष्ट. हे मले कधी समजलं? काल. आठ दिवसांनी. त्या दिवशी एक वाजता घरी पोचली आई, न् बसली. खाली बसली. चार वर्षांत तिले खाली बसता आलं नाई — हिंगणघाटच्या बाजारात सगळ्या बाया पोतं टाकून बसतेत न् ही उभी राहते, भिंतीले टेकून, सांभाराची जुडी लोकायनं खालून उचलून हिच्या हाती द्यायची. त्या दिवशी मांडी घालून बसली, मेथी निवडली, उठली, परत बसली, मले म्हणे, पाह्य, न् मुद्दाम आणखी एकदा बसून दाखवलं. मंग म्हणे, ये, तुझे केस धुतो. मी एवढी मोठी. मोरीत बसली न् तिनं वाकून माह्ये केस धुतले, धुतले म्हणजे किती धुवावे, पाणी संपलं तरी चोळून राह्यली. तिले वाकायचं होतं, दुसरं काही नाई. चारच्या बसनं मी वापस गेली, दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. सातले तिचा फोन आला. म्हणे, उतरलं व पोरी. परत तसंच झालं.

मी काय बोलली असन? मले तेव्हा दोन शब्द माहीत असते तं मी म्हटलं असतं, आई, हेच व्हायले पाहिजे होतं, हे चांगलं झालं. मी म्हटलं, बरं, पाहू मंग. मले खरंच वाटलं औषध खोटं निघालं. त्या कागदावर दर घंट्याले लिहायचं होतं दुखणं किती ते, एकले शून्य, दोनले शून्य, तीनले शून्य. तो कोराच आहे. हा पाहा, पर्समध्येच आहे अजून. न् तिनं काय समजावं मंग? ती बरोबरच समजली — दवाखान्याचा डाग सहा तास टिकते, लहानू आबाजीचा दिसून राहते जन्मभर. बाबाही म्हणे, डागानं बैल उठतेत, माणूस तं काय. जागेच्या खुणा होत्याच. कौशल्याबाई होतीच. आली.

तरी राग तुमचाच येते मले. खरं सांगते. तुम्ही त्या सळईले हात लावायच्या आधी एक फोन करू शकत होते. — नंबर नव्हता. बरं. नव्हता.

आता ऐका, न् मधात बोलू नका, नाई तं मी विसरून जाईन. सोमवारी ती परत येणार आहे. दुसऱ्या खेपेले. तीन खेपा पुऱ्या कराव्या लागतेत असं तुम्हीच सांगतलं तिले, न् ती काल रात्रीपासून तेच धरून बसली — दवाखान्यानं तसंही परत पाठवलं, आता तुमच्याच हातून पुरं करतो म्हणे. नवीन तारीख देली आहे मॅडमनं, महिन्यानंतरची. त्याच्या आत आणखी एक डाग पडला तं तीही गेली, न् मंग ती परत तिथं जाणारच नाई, मी ओळखते तिले. जन्मभर उभीच राहीन. तं तुम्ही नाई म्हणा. सोमवारी आली की नाई म्हणा. मी याच्यासाठीच आली. भांडायले नाई आली, याच्यासाठी आली, पण दारात आल्यावर तोंडातून दुसरंच निघालं. नाई म्हणसान ना?

काय सांगू तिले म्हणजे? काहीही सांगा. सळई मोडली सांगा. ताप आला सांगा. नाई तं सांगा, दवाखान्यानं खुणाच चुकीच्या — नाई, ते नको, ते बिलकुल नको, मंग तिचा तिथला विश्वास उरलासुरला जाईन. सांगा की दुसऱ्या खेपेले महिनाभर थांबायचं असते. तुमचं ऐकते ती. बाबाचं नाई ऐकत, माहं नाई ऐकत, तुमचं ऐकते. — म्हणजे तुम्ही म्हणसान नाई? खरंच? आईची शपथ — नाई, राहू द्या, शपथ नको. धन्यवाद. म्हणजे, बरं.

कोणता प्रेमदास?

तोही देते? पलीकडच्या गावात? — तुम्ही नाई म्हटलं की ती कौशल्याबाईले घेऊन त्याच्याकडं जाईन. न् तो कोणाले काही विचारत नाई, तुमच्यासारखं दोनदा तं सोडाच. खरं आहे. खरं आहे, जाईन ती. तिच्या डोक्यात दवाखाना खोटा पडला ना. मंग तुम्हीच समजवा तिले, की तो खोटा नाई, ती टेस्ट होती. तुम्हाले आता सगळं माहीत झालं, मी सांगतलं ना सगळं — तुम्ही तिथं नव्हते. हो. ती म्हणन, लहानूबुवा, तुम्ही तं तिथं नव्हते, माही पोरगी होती तिथं.

होती. होती ना मी.

नव्हती.

तुम्ही इतकं शांत बसून बोलता न् माणसाले कोपऱ्यात नेता, आबाजी, हे बरं नाई. मी तुम्हाले बोलायले आलती. — नाई, रडून नाई राह्यली. पाणी नको म्हटलं ना एकदा. द्या इकडं. ठेवा इथंच.

घरी जाऊन नाई होणार माह्यानं. तिचा चेहरा पाह्यला की ती काहीतरी थट्टा करन, पेन-बिनची, मी हसन, मंग रडन, न् खरं सांगायचं राहून जाईन. मंग सोमवार येईन. आताच फोन करते. घरीच असन ती, पालथी पडून, फोन उशाशी असते तिच्या. नंबरही नीट दाबल्या जाऊन नाई राह्यला. — लागला. रिंग जाऊन राह्यली.

तुम्ही आत जा, आबाजी. जा ना. — माहीत आहे मले तुमचं आंगण आहे ते, तरी जा. न् दार लोटून घ्या. तिथं दारामांगं नका उभे राहू, मले दिसतेत तुमचे पाय. जा म्हटलं ना. उचलला तिनं.